आवाज कुणाचा?

25 ऑगस्ट 1830. ब्रसेल्सच्या 'ला मॉने' नाट्यगृहात ओबेर या फ्रेंच संगीतकाराचा 'ला म्युएत द पोर्तिची' हा ऑपेरा रंगला होता. गोष्ट नेपल्सच्या कोळ्यांनी परकी सत्तेविरुद्ध केलेल्या बंडाची. देशप्रेमाचं युगुलगीत सुरू झालं आणि प्रेक्षागृह पेटलं. लोक तसेच रस्त्यावर उतरले. डच राजाविरुद्धचा असंतोष आधीपासून धुमसत होताच, महागाई होती, बेकारी होती. पण ठिणगी पडली ती गाण्यातून. काही आठवड्यांतच बेल्जियमच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली.

त्या ऑपेराची नायिका मुकी आहे. फेनेला तिचं नाव. अख्ख्या ऑपेरात ती एक सूरही गात नाही. ही भूमिका करते ती नर्तकी. रंगमंचाच्या मध्यभागी चेहरा तिचा आणि आवाज सगळे इतरांचे.

बेल्जियन गायक-गायिकांचे अल्बम एकामागून एक ऐकायला घेतले की आवाज आणि चेहरा यांची ही फारकत पुनःपुन्हा समोर येते. कधी गायक आपण होऊन दुसऱ्याच्या कातडीत शिरतो, तेव्हा गाणं थोर होतं. कधी गाणाऱ्याच्या आवाजावर दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा चिकटवला जातो, तेव्हा गाणं गाजतं आणि माणूस मागे पडतो. या दोन टोकांमध्ये त्या देशाचा गाण्याचा इतिहास मावतो, असं मला वाटतं.

सव्वा कोटीहून कमी वस्तीचा हा देश. राजभाषा तीन: डच, फ्रेंच आणि पूर्वेकडच्या एका पट्ट्यात जर्मन. फ्रेंचमध्ये गाणाऱ्याला मोठं व्हायचं तर पॅरिस गाठावं लागतं. डचमध्ये गाणाऱ्याची धाव फ्लँडर्स आणि फार तर नेदरलँड्सपर्यंत. एका बाजूच्या घरोघरी वाजणारं नाव दुसऱ्या बाजूला माहीतही नसतं. त्यामुळे 'बेल्जियन संगीत' असं काही नाहीच, असं म्हणणारे खुद्द बेल्जियममध्येही भेटतात. मला ते पटत नाही. भाषा एक नसेल, पण एक रीत नक्की आहे आणि ती झाक ब्रेलनं घालून दिली.

ब्रेल 1929 मध्ये ब्रसेल्सच्या स्खारबेक भागात जन्मला. घराणं मूळचं फ्लेमिश, पण घरात बोलणं फ्रेंच. वडिलांच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात काही वर्षं काढल्यावर 1953 मध्ये तो संसार मागे ठेवून, गिटार घेऊन पॅरिसला गेला. 1954 चा त्याचा पहिला अल्बम आज ऐकवत नाही. सद्भाव, श्रद्धा, माणुसकी, सगळं आहे, फक्त गाणारा माणूस कुठं दिसत नाही. पॅरिसमध्ये त्याला चिडवून पाद्रीबाबा म्हणत, ते उगीच नव्हतं.

पाच वर्षांनी, 1959 मध्ये, चौथा अल्बम आला आणि त्यात 'न म कित पा' होतं. मधल्या काळात ब्रेलला दोन माणसं मिळाली होती: वाद्यवृंदाची रचना करणारा फ्रान्स्वा रोबेर आणि पियानोवर जेरार झुआने. या गाण्यात पियानोच्या मागे एक विलक्षण, मानवी आवाजासारखा लांबत जाणारा सूर ऐकू येतो. तो 'ओंद मार्तनो' या विजेवर चालणाऱ्या वाद्याचा. जगानं हे प्रेमगीत मानलं, नीना सिमोननं ते गायलं, इंग्रजीत त्याचं रूपांतर झालं. स्वतः ब्रेल मात्र त्याला पुरुषाच्या भ्याडपणाचं गाणं म्हणायचा. ऐकताना ते लक्षात येतं. गाणारा माणूस स्वतःला लहान लहान करत नेतो, शेवटी तर माणूसपणही सोडायला तयार होतो. ब्रेल त्या भ्याड माणसावर फिर्याद करत नाही. तो स्वतः तो माणूस होतो.

इथून पुढे त्याचं प्रत्येक चांगलं गाणं म्हणजे एक सोंग आहे. मरणाच्या दारात पडून एकेकाचा निरोप घेणारा, मिठाईचा डबा घेऊन मुलीला भेटायला आलेला भोळसट, मित्राला रडू नको म्हणणारा आणि स्वतःच कोसळत आलेला. आपल्याकडे एकनाथांनी भारुडात जे केलं, जोशी व्हायचं, विंचू चावलेला व्हायचं आणि त्या तोंडून बोलायचं, तीच ही जात. फरक इतकाच की ब्रेलच्या सोंगाखाली अध्यात्म नसतं. खाली फक्त माणूस असतो, बऱ्याचदा हरलेला.

एकच अल्बम घ्यायचा तर मी 1964 चा 'ऑलिम्पिया' घेईन. पॅरिसच्या ऑलिम्पिया थिएटरातल्या कार्यक्रमाचं हे थेट ध्वनिमुद्रण. त्यातलं 'आमस्टरदाम' ब्रेलनं स्टुडिओत कधीच ध्वनिमुद्रित केलं नाही, त्यामुळे ते ऐकायचं तर इथंच. सुरुवातीला अकॉर्डियनचा संथ, तीन मात्रांचा झुलता ठेका. आवाज जवळजवळ सपाट. बंदरातल्या खलाशांची हकीकत सांगितल्यासारखा. एक कडवं झोपेचं आणि मरणाचं, पुढचं खाण्याचं, मग नाचण्याचं, मग पिण्याचं. चाल तीच राहते. प्रत्येक कडव्यागणिक आवाज एक पायरी चढतो, वाद्यं भरत जातात, शब्द अधिक जोरात आदळायला लागतात. खाण्याच्या कडव्यात त्याच्या उच्चारांत दातांचा आणि ओठांचा आवाज मिसळतो, म्हणजे तो खलाशाचं जेवण सांगत नाही, जेवतोच. शेवटच्या कडव्यात ते खलाशी बंदरातल्या बायकांच्या नावानं प्याले उचलतात, आणि तिथं गाणं गाणं राहत नाही, आरोळी होते. मग एकदम थांबतं. आणि त्याच क्षणी टाळ्यांचा जो कल्लोळ उसळतो, तोही या रचनेचाच भाग असल्यासारखा वाटतो. एवढं सगळं साधारण तीन मिनिटांत. फ्रेंचचा एक शब्द न कळणाऱ्यालाही हे गाणं कळतं, ही माझी खात्री आहे.

ब्रेल 'वन्स मोअर' घेत नसे. कितीही टाळ्या पडोत. एकदा मेलेला माणूस पुन्हा उठून मरणार कसा, असंच काहीसं त्यामागे असावं, असं मला वाटतं. 1966 मध्ये त्यानं ऑलिम्पियाचा निरोप घेतला, 16 मे 1967 ला फ्रान्सच्या रुबे गावात शेवटचा कार्यक्रम केला आणि मैफली कायमच्या सोडल्या. वय अवघं अडतीस. मग सिनेमे झाले, शिडाची होडी झाली, आणि अखेर प्रशांत महासागरातल्या मार्केसास बेटांवर मुक्काम. तिथं तो छोटं विमान चालवायचा.

1977 मध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली असताना, तो पॅरिसला परतला आणि शेवटचा अल्बम गायला. निळं आकाश, ढग आणि 'ब्रेल' एवढीच अक्षरं असलेलं वेष्टन. कंपनीनं जाहिरात करायची नाही, अशी त्याची अट. कंपनीनं अट पाळली ती अशी: रेकॉर्डी कुलूपबंद पेट्यांतून दुकानांत पोचवल्या आणि कुलपांचे आकडे ठरलेल्या वेळीच कळवले. याहून मोठी जाहिरात कुठली! दहा लाखांच्या घरात आगाऊ मागणी होती.

या अल्बममधलं 'ओर्ली' हे माझ्या मते ब्रेलचं सर्वांत परिपक्व गाणं. विमानतळावर ताटातूट होत असलेलं एक जोडपं, आणि त्यांना लांबून बघणारा एक माणूस. या वेळी ब्रेल प्रियकराचं सोंग घेत नाही, बघणाऱ्याचं घेतो. हजारो लोकांच्या गर्दीत त्याला ती दोघंच दिसत राहतात. आवाजात पूर्वीचा दम नाही, श्वास तोकडा पडतो, आणि त्या तोकडेपणातच गाण्याची धार आहे.

पण याच अल्बममध्ये फ्लेमिश राष्ट्रवाद्यांवर आग ओकणारं एक गाणं आहे. ते वाईट आहे आणि वाईट का आहे हे सांगायला हवं. ज्याच्या रक्तात फ्लेमिशपण होतं, ज्यानं फ्लँडर्सच्या सपाट प्रदेशावर 'ल प्ला पेई'सारखं गाणं केलं आणि ते डचमध्येही गायलं, त्याला या विषयावर किती बारकाईनं लिहिता आलं असतं! पण इथं सोंग नाही, नुसता राग आहे. ब्रेल ब्रेल म्हणूनच बोलायला लागला की तो पुन्हा पहिल्या अल्बममधला पाद्री होतो, फक्त चिडलेला. 9 ऑक्टोबर 1978 ला तो गेला. हिवा ओआ बेटावर, चित्रकार गोगँच्या थडग्यापासून जवळच, त्याला पुरलं.

ब्रेल पॅरिसमध्ये सोंगं घेत होता, त्याच काळात वॉटर्लूजवळच्या फिशरमाँ इथल्या डॉमिनिकन मठात एक जोगीण गिटारवर गाणी रचत होती. जानीन डेकर्स. मठानं फिलिप्स कंपनीकडे ध्वनिमुद्रण केलं आणि कंपनीनं तिला नाव दिलं 'सेर सूरीर', हसरी भगिनी. संत डॉमिनिकवरचं तिचं 'डॉमिनिक' हे बालगीतासारखं सोपं गाणं डिसेंबर 1963 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. केनेडींच्या खुनानंतरचे ते दिवस. तिचा अल्बमही दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्याला तिथून हलवलं ते बीटल्सनी. मग ग्रॅमी मिळालं. अमेरिकन टीव्हीवरच्या एड सलिव्हनचे कॅमेरे मठात आले. हॉलिवूडनं डेबी रेनॉल्ड्सला घेऊन सिनेमा काढला.

अल्बम आज ऐकला तर त्यातला निर्मळपणा खरा वाटतो. साधी गिटार, मागे इतर भगिनींचा कोरस, कुठंही आव नाही. 'डॉमिनिक'पेक्षा त्यातली संथ गाणी मला जास्त आवडतात. तिच्या आवाजात एक एकटेपणा आहे तो तिथं ऐकू येतो.

पण नाव तिचं नव्हतं. 1966 मध्ये मठ सोडल्यावर 'सेर सूरीर' म्हणून गायची तिला मुभा राहिली नाही. 1967 मध्ये तिनं 'ल्युक डॉमिनिक' या नावानं अल्बम काढला. आपण तारका नाही असं सांगणारा. त्याच सुमारास तिनं गर्भनिरोधक गोळीची स्तुती करणारं गाणं केलं. मठात राहिलेल्या बाईनं, 1967 साली! श्रोत्यांना हवी होती ती हसरी भगिनी. ही विचार करणारी, चिडणारी, बाईवर प्रेम करणारी जानीन कुणाला नको होती. पुढे कर खात्यानं जुन्या उत्पन्नावरची थकबाकी मागितली. पैसे मठाला आणि कंपनीला गेले होते. तिच्याकडे ना पैसे, ना पावत्या. 29 मार्च 1985 ला तिनं आणि तिची सहचरी आनी पेशेर हिनं एकत्र आत्महत्या केली. ब्रेलनं सोंगं स्वतः निवडली होती. हिच्यावर एक सोंग लादलं गेलं, आणि ते उतरवू पाहिलं तर खाली तिचं स्वतःचं म्हणून काही शिल्लक ठेवलेलं नव्हतं.

खाणींच्या पट्ट्यातून आलेले आवाज वेगळे. 1946 च्या करारानुसार बेल्जियमच्या कोळसाखाणींत इटालियन मजूर येऊ लागले. किती जिवावरचं काम होतं ते 8 ऑगस्ट 1956 ला मार्सिनेलच्या खाणीत 262 माणसं मेली तेव्हा जगाला कळलं. त्यांत 136 इटालियन होती. कॅलाब्रियाहून आलेल्या खाणकामगाराचा मुलगा रोक्को ग्रानाता यानं 1959 मध्ये 'मरीना' गाऊन युरोप डोलवला. सिसिलीहून आलेल्या खाणकामगाराचा मुलगा साल्वातोरे आदामो यानं 1963 मध्ये 'तोंब ला नेज' गायलं आणि बर्फाचं ते गाणं जपानमध्ये जपानी असल्यासारखं रुजलं. आदामोचे अल्बम सलग ऐकले तर गोडवा थोडा जास्त होतो, हे खरं. पण त्या खरखरीत, किंचित फाटलेल्या आवाजामुळे तो साखरेचा पाक होत नाही.

त्याच आदामोचं समुद्रकिनाऱ्यावरच्या मुलींचं गाणं पुढे ओस्टेंडच्या आर्नोनं गायलं आणि पार उलटंपालटं केलं. आदामोच्या गाण्यातला सुटीवरचा सभ्य तरुण आर्नोकडे मध्यरात्रीचा झिंगलेला दर्यावर्दी होतो. आर्नो हिंटयेन्स बोलताना अडखळायचा, गाताना नाही. 'टीसी मॅटिक' या त्याच्या बँडचं 1983 चं 'प्युतँ प्युतँ' असो की आईच्या डोळ्यांवरचं 1995 चं हळवं गाणं, इंग्रजी, फ्रेंच आणि ओस्टेंडची बोली यांची सरमिसळ तो बिनदिक्कत करायचा. एप्रिल 2022 मध्ये कर्करोगानं तो गेला. भाषेच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ज्याला आपला म्हटलं अशा फार थोड्यांपैकी तो एक. फ्लेमिश श्रोत्यांचा लाडका विल टुरा कित्येक वर्षं गायला, 1993 मध्ये राजा बोदुआँच्या अंत्यविधीत त्याचा आवाज घुमला. फ्रान्समध्ये मात्र त्याला कोण ओळखतं? उलट हॅसेल्टची फ्लेमिश मुलगी अ‍ॅक्सेल रेड हिनं 1993 मध्ये फ्रेंचमध्ये 'साँ प्ल्यु आताँद्र' काढला आणि दोन्ही बाजूंना ऐकली गेली.

आता फसवणुकीकडे. 1977 मध्ये 'सा प्लान पूर म्वा' हे धमाल पंक गाणं आलं. वेष्टनावर आणि टीव्हीवर प्लास्टिक बर्ट्राँ. गुलाबी जाकीट, उड्या, खोडकर चेहरा. आवाज मात्र निर्माता लू देप्रिक याचा. हा वाद कोर्टात गेला. 2010 मध्ये कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञानं गाण्यातल्या उच्चारांवरून गाणारा कुठल्या भागातला असावा ते ताडलं, आणि त्याच वर्षी बर्ट्राँनं आपण ते गायलो नसल्याचं मान्य केलं. तेहतीस वर्षं! गाणं त्यानं कमी मजेदार होत नाही. पण तिथं दोघांचं संगनमत होतं, दोघांनाही आपापला वाटा मिळाला.

'टेक्नोट्रॉनिक' या गटाचं तसं नाही. 1989 चं 'पंप अप द जॅम' भारतातही लग्नाच्या वरातींपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत वाजलं आहे. निर्माता यो बोगार्त. बेल्जियमच्या क्लबांत तेव्हा 'न्यू बीट' जोरात होतं. 45 फेऱ्यांची रेकॉर्ड 33 वर लावून संथ, जड ठेका काढायची ती पद्धत. त्या वातावरणातून बोगार्तनं हे गाणं बांधलं. अमेरिकेत गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. वेष्टनावर आणि व्हिडिओत ओठ हलवत नाचणारी फेली ही मॉडेल होती. आवाज होता 'या किड के' हिचा, म्हणजे किन्शासात जन्मलेल्या मॅन्युएला कामोसीचा. तिचं रॅप ऐका. इंग्रजी उच्चार कुठल्याच एका देशाचे नाहीत, आवाज जाड, मुलासारखा, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारा. तो काढून टाकला तर उरतं फक्त यंत्र. आणि नेमकी तीच वेष्टनावर नाही! पुढच्या 'गेट अप' गाण्यात तिचं नाव लागलं, चेहरा दिसला. त्याच सुमारास दुसऱ्यांच्या आवाजावर ओठ हलवल्याबद्दल 'मिली व्हॅनिली' या जोडीला ग्रॅमी परत करावं लागलं, जगभर बभ्रा झाला. कामोसीवर झालेल्या अन्यायाचा तेवढा गाजावाजा झाला नाही. ती काळी होती आणि तिच्या जागी उभी केलेलीही काळी होती, म्हणून कुणाला फरक जाणवला नसेल का? हा प्रश्न मला सोडत नाही.

काँगो आणि ब्रसेल्स यांचं नातं संगीतात असं चोरपावलांनी येत राहतं. 1960 च्या जानेवारीत काँगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी ब्रसेल्समध्ये चालू असताना ग्राँ काले आणि त्याच्या 'आफ्रिकन जॅझ'नं तिथंच 'इंदेपांदाँस चा चा' गायलं. साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्य संपल्याचं गाणं. 1991 मध्ये झाप मामाचा पहिला अल्बम आला. पाच बायका, वाद्यं नाहीत. गटाची प्रमुख मारी डोल काँगोत जन्मली. 1964 च्या बंडाळीत तिचे बेल्जियन वडील मारले गेले, आईनं तान्ह्या मुलीसह जंगलातल्या पिग्मी लोकांत आसरा घेतला. पुढे बेल्जियममध्ये वाढलेल्या या मुलीनं पिग्मींच्या गळ्यातली ती वर-खाली उड्या मारणारी गायकी आणि युरोपातलं बहुस्वरी गाणं एकमेकांत विणलं. इथं कुणी कुणाचा चेहरा चोरत नाही. पाच गळे आहेत, आणि प्रत्येक गळा ओळखू येतो.

आणि मग स्त्रोमाए. पॉल व्हान हावेर, जन्म 1985, ब्रसेल्स. आई फ्लेमिश. वडील रवांडाचे तुत्सी, 1994 च्या वंशसंहारात मारले गेले. पहिल्या महायुद्धानंतर रवांडा बेल्जियमच्या ताब्यात होता आणि माणसांच्या ओळखपत्रांवर हुतू-तुत्सी छापण्याची पद्धत बेल्जियन अमलातलीच. म्हणजे हा मुलगा ज्या देशात वाढला त्या देशाचा, त्याच्या वडिलांच्या मरणाशी लांबून का होईना, संबंध आहे. 2013 च्या 'रासिन कारे'मध्ये 'पापाउते' आहे, नसलेल्या बापाला शोधणारं. त्यावर जगभरची पोरं नाचली. व्हिडिओत बाप आहे, पण पुतळ्यासारखा, न हलणारा, रंगवलेल्या चेहऱ्याचा.

ब्रेलनंतर सोंगाची कला इतक्या ताकदीनं कुणी पेलली नव्हती. 'तू ले मेम'मध्ये तो अर्धा बाई, अर्धा पुरुष होतो. 'फॉर्मिदाब्ल'साठी तो मे 2013 च्या एका सकाळी, पावसात, ब्रसेल्सच्या लुईझ ट्राम थांब्यावर झिंगलेल्या माणसाचं सोंग घेऊन उतरला, कॅमेरे लपवलेले. लोक बाजूनं जातात, काही मोबाइल काढतात. शेवटी पोलीस येतात. त्याला ओळखतात, खांद्यावर हात ठेवून घरी सोडू का विचारतात. त्या पोलिसांचा सौम्यपणा बघून गळा दाटतो, कारण ते खरे आहेत आणि समोरचं दुःख सोंगातलं आहे. आणि तरी खरंच आहे. गाण्याचा ठेका मुद्दाम अडखळता. आवाज शब्दांवरून घसरतो, तिरसटतो, मग एकदम लहान मुलासारखा होतो.

'रासिन कारे' पूर्ण निर्दोष नाही. उत्तरार्धात ठेके एकसारखे व्हायला लागतात. पण केप व्हर्देच्या सेझारिया एव्होराला वाहिलेलं गाणं आणि कर्करोगाला हाक मारून जाब विचारणारं 'कां से' ही दोन पुन्हा वर उचलतात. 2015 मध्ये न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवल्यावर, किगालीत वडिलांच्या देशात गाऊन तो थांबला. तब्येत ढासळली होती. मार्च 2022 मध्ये 'म्युल्तित्युद' आला. दक्षिण अमेरिकेचं चारांगो, चीनचं एरहू, बल्गेरियाच्या बायकांचा कोरस. आणि 'साँते'मध्ये सफाईवाले, रात्रपाळीवाले, आपण पार्टी करतो तेव्हा काम करणाऱ्यांसाठी उचललेला प्याला. 'लाँफेर' हे आत्महत्येच्या विचारांबद्दलचं गाणं त्यानं फ्रेंच टीव्हीच्या बातम्यांत, मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून थेट गायलं. सोंगाविना गायलेलं त्याचं हे पहिलं मोठं गाणं. आणि इथं तो ब्रेलपेक्षा पुढे जातो. ब्रेलला सोंग उतरवलं की फक्त रागावता आलं. स्त्रोमाएला दुखतंय असं सांगता आलं. 2023 मध्ये दौरा पुन्हा रद्द करावा लागला.

आंजेल ही गायिका 1995 ची. तिचा 'ब्रोल' 2018 मध्ये आला. हलकाफुलका पॉप म्हणून तो बाजूला सारावा असं पहिल्यांदा वाटायला लावणारी चमक त्यात आहे. पण 'बालाँस तों क्वा'त बाईनं रोज ऐकायच्या शेऱ्यांचा ती ज्या शांत, जवळजवळ गुणगुणत्या आवाजात समाचार घेते, ते ऐकल्यावर अल्बम नीट ऐकावा लागतो. 2021 च्या 'नोनांत-सँक'मध्ये ब्रसेल्सवर गाणं आहे, देश भाषेवरून दुभंगलाच तर काय, अशी धास्ती असलेलं. 'आपला आवाज, आपला चेहरा, आपले शब्द' हे तिच्या पिढीला मागावं लागलं नाही.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं आधी 'ऑलिम्पिया 1964' घ्यावा, मग झाप मामा, मग 'रासिन कारे'. ब्रेलचा 1977 चा अल्बम सगळ्यांत शेवटी. 'पंप अप द जॅम' तर घरात असेलच. ते पुन्हा लावाल तेव्हा व्हिडिओ बंद ठेवा. गाते आहे ती मॅन्युएला कामोसी.